डब्यातली सासू

सासू रत्नागिरीकडे, सून आखातातल्या रुवैसला, आणि मधे अख्खा समुद्र. "नशीबवान आहेस गं बाई," असं बिल्डिंगमधल्या बायका खतीजाला म्हणायच्या. खतीजा हसायची आणि विषय बदलायची. कारण तिची सासू घरातच होती. हॉलच्या कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या शेजारी, एका मळकट पांढऱ्या डब्यात राहायची, आणि रोज संध्याकाळी नात खेळून वर आली, हातपाय धुतले न धुतले, की बोलायला लागायची.

"सुमैय्या! जेवलीस काय गो?"

"होय गो दादी!" सहा वर्षांची सुमैय्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर मांडी घालून ओरडायची.

"काय जेवलीस?"

"म्हावरा नि भात!"

साफ खोटं. दुपारी पोरीने ताटाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. "घास भरवू का गं?" असं खतीजाने विचारलं, तर परक्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली होती, "नो, थँक यू."

आईला थँक यू आणि डब्याला होय गो. खतीजा ओट्यापाशी भाकरी थापत असायची. त्या वेळी तिच्या हाताखालची भाकरी जरा जास्तच पातळ व्हायची.

ही सासू डब्यात कशी शिरली, ते सांगायला हवं. खतीजाचा नवरा मुनीर आधी अबुधाबीत होता. शेअरिंगची खोली, मधे पडदा, पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब. खतीजा एका लेडीज टेलरकडे अबाये, म्हणजे बुरखे, शिवायला जायची. दोन वर्षांची पोर तिथे ठेवायची कुठे? सासू मैमुनाबीच म्हणाली, "माझ्याकडे ऱ्हाऊ दे. तुमचं बस्तान बसलं की घेऊन जा." बस्तान बसायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत खतीजा दुकानातल्या उरलेल्या कापडाचे फ्रॉक शिवून गावी जाणाऱ्यांच्या हाती पाठवायची. माप फोनवर विचारायची. "बगलेत घट्ट होतंय," मैमुनाबी सांगायची. पुढचा फ्रॉक सैल शिवावा, तर "गोणपाट पाठवलंस काय गो?" आपल्याच पोरीचं माप दुसऱ्या बाईला विचारावं लागणं म्हणजे काय, ते खतीजाला ठाऊक होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मुनीर रुवैसच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट सेक्शनला लागला, दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, आणि २००२च्या उन्हाळ्यात तो पोरीला घेऊन आला. दारात सुमैय्याने मान वर करून आईकडे पाहिलं आणि "अम्मी" म्हटलं. शाळेच्या पहिल्या दिवशी तिने बाईंना "मिस" म्हटलं, तेही याच सुरात.

पोरीसोबत बॅगेत एक कॅसेट आली होती. नात निघायच्या आधी मैमुनाबीने टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन दोन्ही बाजू भरल्या होत्या. खाडीतल्या कुर्लीच्या लग्नाची गोष्ट होती, झोपताना म्हणायची गाणी होती, शेजारच्या कोंबडीची तब्येत होती. आणि मधे मधे, मिठाच्या खड्यासारखं, हे:

"तुझ्या अम्मीला सांग, केसांना आधी तेल लाव, मग फणी घाल. कोरडे केस वढते ती."

"ऐकलंस?" मुनीर हसायचा.

"ऐकलं," खतीजा म्हणायची. "पोरीच्या नावाने चिठ्ठी, आणि पत्ता माझा."

ती कॅसेट पोरीने इतकी वाजवली की फीत घरघरायला लागली. तेव्हा मदतीला धावला सूर्यकांत. हा मालवणकडचा, मुनीरच्याच सेक्शनमधला, बॅचलर क्वार्टरमध्ये राहणारा. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर खतीजाच्या हातचं मासळीचं कालवण खायला यायचा. ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यानेच मुनीरला आणून दिला होता आणि कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या डिस्कवरून त्यात लिनक्स घातलं होतं.

"विंडोज कशाला? त्याला पैसे, वर व्हायरस. हे एकदम टकाटक," तो म्हणाला होता. पडद्यावरचा पेंग्विन पाहून सुमैय्या म्हणाली होती, "बदक!" त्यावर तिघंही हसले होते आणि पोरगी लाजली होती.

सूर्यकांतने टेपमधून कॉम्प्युटरमध्ये एक वायर लावली, दोन्ही बाजू भरून घेतल्या. आणि त्याच आठवड्यात टेपने कॅसेट खाल्ली. फीत शेवयांसारखी बाहेर.

"बघा भाभी! वेळेवर काम झालं की नाय?" सूर्यकांत छाती काढून म्हणाला. "आता मैमुनाबी खराब नाही होणार, घासणार नाही, तुटणार नाही. कितीही वेळा ऐका!"

त्या दिवशी खतीजाने त्याला शेपटीकडचा तुकडा वाढला.

बिल्डिंगच्या मागेच मशीद. अजान सुरू झाली की प्रत्येक घरातला टीव्ही, टेप गप्प होतो. ही रीत लहान पोरांनाही सांगावी लागत नाही. कॉम्प्युटर गप्प करायचं काम मुनीरचं असायचं. पडद्याच्या कोपऱ्यात भोंग्याचं चित्र होतं. त्यावर टिचकी मारली की एक उभी दांडी वर यायची, ती खाली ओढायची. अजान झाली की पुन्हा वर.

त्या दिवशी मुनीर शिफ्टला होता. खतीजा पिठात हात घालून बसली होती, आणि हॉलमध्ये मैमुनाबी रंगात आली होती. "तुझ्या अम्मीची सांदणं कधी फुगली नायत. किती सांगितलं, पीठ आंबव नीट, घाई करू नुको. पण तिला मेली कायम घाई…"

आणि अजान सुरू झाली.

"सुमैय्या, बंद कर ते!"

पोरगी कीबोर्डवर बटणं शोधत बसली. खतीजा पिठाच्या हाताने धावली, माउस धरला, भोंग्यावर एकदा टिचकी मारली, दोनदा, चारदा. भलतीच मोठी खिडकी उघडली. एक दांडी नव्हे, दांड्यांची रांग. तिने पहिली सोडून दुसरी धरली आणि तळापर्यंत खेचली. "…कायम घा…" एवढ्यावर मैमुनाबी थांबली. खतीजाने खिडकी मिटवली, हात धुतले आणि नमाजाला उभी राहिली.

नमाज झाली. "अम्मी, दादी?" पोरीने विचारलं.

"थांब, कुकर उतरवू दे."

कुकर उतरला. मग डाळीला फोडणी द्यायची होती. पोरगी वाट पाहून पाहून कंटाळली आणि चक्क स्वयंपाकघरात आली. स्टूल ओढून बसली. खतीजाने लसणाच्या पाकळ्या तिच्यापुढे सरकवल्या. पोरीने एक सोलली. दुसरी सोलली.

"दादी लसूण ठेचते. तू कापतेस," ती म्हणाली.

"शिकव मग मला, कसा ठेचायचा."

पोरीने वरवंटा मागितला, वरवंटा नव्हता, म्हणून लाटण्याने ठेचून दाखवला. अर्धा ओट्यावर, अर्धा फरशीवर. त्या रात्री जेवताना तिने आईच्या हातून चार घास खाल्ले. खतीजा भांडी घासताना गुणगुणत होती. ती दांडी तिला आठवत होती. चांगली आठवत होती. उद्या करू वर, असं ती स्वतःला म्हणाली, आणि उद्या आला तेव्हा पुन्हा तेच म्हणाली.

"अब्बा, दादी बोलत नाय," सुमैय्याने दुसऱ्या दिवशी तक्रार केली.

मुनीरने भोंग्यावर टिचकी मारली. एक दांडी आली, पार वर टेकलेली. "आवाज तर फुल आहे," तो म्हणाला. स्पीकर काढून टेपला लावले. खणखणीत. पुन्हा कॉम्प्युटरला लावले. ठार मुके. "सूर्यकांतला बोलवायला पाहिजे," तो म्हणाला. खतीजा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एकाच चादरीची दोनदा घडी घातली.

शुक्रवारी सूर्यकांत मल्टीमीटर घेऊनच आला.

"मुनीर, आपल्या कामाचा नियम काय? सुरुवात नेहमी फील्डकडून. मीटर खोटं बोलेल, ऑपरेटर खोटं बोलेल, वायर खोटं बोलत नाही."

"एकदम बरोबर. कंट्रोल रूमवाले आधी सेटिंग बघतात आणि दिवस घालवतात."

दोघांनी वायर तपासली. वायर चांगली. खोका उघडला, साउंड कार्ड उपसून काढलं, त्याचे पितळी दात पोरीच्या खोडरबराने घासले, पुन्हा बसवलं. काळ्या पडद्यावर सूर्यकांतने काहीबाही टाइप केलं.

"कार्ड दिसतंय त्याला. ड्रायव्हर बसलाय. आता फाइल चालव."

मुनीरने चालवली. पडद्यावर सेकंद पुढे सरकायला लागले. मैमुनाबी बोलत होती. बोलत होती आणि चकार शब्द ऐकू येत नव्हता. खतीजा चहाचे पेले घेऊन दारात उभी राहिली आणि तिला असं गार गार वाटलं, जसं बाहेरच्या उन्हातून एसीत शिरल्यावर वाटतं.

"सापडली का माझी सासू?" तिने विचारलं.

"सापडली, पण रुसलीये भाभी," सूर्यकांत म्हणाला. "च्यायला, टेपची वायर लावली तेव्हाच कार्डात काहीतरी गडबड झाली असणार. माझीच चूक."

"असू दे हो भाऊ. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" खतीजा म्हणाली, आणि त्या दिवशी त्याला डोक्याकडचा मोठा तुकडा वाढला.

मधले दिवस मात्र तिला वाटले होते तसे गेले नाहीत. लसूण सोलायची मजा आठवड्यात संपली. पोरगी शाळेतून यायची, खुर्चीवर चढायची, फाइल लावायची आणि सरकणाऱ्या सेकंदांकडे पाहत बसायची. खतीजाने कुर्लीच्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली.

"एक होती कुर्ली. ती राहायची खाडीत…"

"नो. आधी पाऊस येतो."

"बरं. आधी पाऊस आला. मग कुर्ली बिळातून बाहेर आली…"

"नो, अम्मी. आधी तिची आई तिला हाक मारते." सुमैय्याने समजूतदारपणे तिच्या हातावर थोपटलं. "इट्स ओके. तुला नाय येत."

खतीजाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही म्हातारी गप्प बसूनसुद्धा माझ्या गोष्टीतली वाक्यं मोजतेय! गावी फोन लागला तेव्हा मुनीरने सांगितलं, "आई, तुझा आवाज गेला कॉम्प्युटरमधला." पलीकडून मैमुनाबी म्हणाली, "माझा कुठं जातोय? कुणीतरी दाबला असंल." मुनीर खो खो हसला. खतीजाने रिसीव्हर हातात घेऊन गोड आवाजात विचारलं, "तब्येत कशी आहे मां?" आणि फोन ठेवल्यावर घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

पुढच्या शुक्रवारी सूर्यकांत नवी डिस्क घेऊन आला.

"खलास. आता विचार नाही करायचा. सगळं पुसून नवं लिनक्स टाकू. यल्ला, चल मुनीर, बस."

"सगळं पुसून म्हणजे?" खतीजाने विचारलं. ती कोलंबी सोलत होती, हात तसेच.

"म्हणजे डिस्क साफ. कोरी."

"आणि मां?"

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. "ते पण जाईल," सूर्यकांत मान खाजवत म्हणाला. "ठेवायला दुसरी जागा नाही भाभी. फ्लॉपीत तर कुर्लीचा एक पायसुद्धा मावणार नाही."

"आईकडून परत भरून घेऊ," मुनीर म्हणाला. "कोणी गावाहून आलं की नवी कॅसेट. इन्शाल्ला दोन-तीन महिन्यांत."

दोन-तीन महिने! खतीजाच्या मनात ईदचा चांद उगवला. कुणाला काही सांगायला नको, काही करायलाही नको. नुसतं कोलंबी सोलत उभं राहायचं. दोन-तीन महिन्यांत पोरगी तिची होईल, पुरती होईल. मग येऊ देत कॅसेटींच्या राशी.

"सुमैय्या बेटा," मुनीर खुर्चीवरच्या पोरीसमोर वाकला, "आता हे सगळं पुसायचं. दादीचं पण. चालेल ना? दादी परत भरून पाठवेल."

आता ही रडणार, असं तिघांनाही वाटलं. सूर्यकांतने तर खिशातून चॉकलेटही काढून ठेवलं. पण सुमैय्या रडली नाही. तिने खांदे उडवले.

"इट्स ओके, अब्बा. आय नो दादी."

"म्हणजे?"

पोरगी खुर्चीवर ताठ बसली. नाक जरा वर केलं, घशात कफ असल्यासारखी खाकरली आणि म्हाताऱ्या, खरखरीत, ओढलेल्या आवाजात सुरू झाली, "तुझ्या अम्मीची सांदणं कधी फुगली नायत. किती सांगितलं, पीठ आंबव नीट, घाई करू नुको. पण तिला मेली कायम घाई. लग्नाच्या दिवशीसुद्धा वरमाय जेवायच्या आधी हीच ताटावर…"

"अरे बाप रे!" सूर्यकांतने टाळी वाजवली. मुनीर हसून हसून टेबलाला टेकला. "आई! आई गं! हुबेहूब!"

खतीजा हसली नाही. तिच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. तो आवाज, ती खाकर, तो "मेली"वरचा जोर. पुसायचं कुणाला? डब्यातल्या सासूला निदान एक दांडी तरी होती. पोरीच्या तोंडातल्या सासूला दांडी कुठून आणायची? उद्या पोरगी शाळेतून येईल, जेवताना बोलेल, केस विंचरताना बोलेल, आणि या आवाजात बोलेल. आणि तिला उलटून काही म्हणावं, तर समोर असेल आपलीच सहा वर्षांची लेक.

"थांबा," ती म्हणाली.

सूर्यकांतचा हात डिस्कवर होता. "काय झालं भाभी?"

"सरका जरा." तिने हात पदराला पुसले, माउस धरला, भोंग्यावर टिचक्या मारल्या. दांड्यांची रांग उघडली. पहिली वर. दुसरी तळाला.

"ही कुठली खिडकी?" मुनीरने विचारलं.

"ही ना, पीसीएम, फाइलच्या आवाजाची दांडी…" सूर्यकांतचं वाक्य तोंडातच राहिलं. "आयला! ही खाली कोणी केली?"

"मी," खतीजा म्हणाली. "अजानला. वर करायची राहिली."

"इतके दिवस?" मुनीर म्हणाला. "आम्ही इथे कार्ड उपसतोय, रबर घासतोय, हा बिचारा स्वतःला दोष देतोय, आणि तू चहा आणून विचारतेस, सापडली का सासू?"

"राहिली म्हटलं ना!"

सूर्यकांतने चटकन स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मी, अं, कोलंबीचं बघू का भाभी?" पण हलला मात्र नाही; तमाशा सोडून जाणारा तो नव्हता.

सुमैय्या आईकडे टक लावून पाहत होती. तिच्या कपाळावर मैमुनाबीची आठी होती. "यू डिड इट?"

"हो."

"ऑन पर्पज?"

खतीजाने मुनीरकडे पाहिलं, सूर्यकांतकडे पाहिलं. मग पोरीकडे. "पहिल्या दिवशी अजानसाठी," ती म्हणाली. "मग मुद्दाम."

"व्हाय?"

"कारण ती माझ्याबद्दल वाईट बोलते आणि तू तिलाच होय गो म्हणतेस!"

हे बोलताना तिचा आवाज इतका चढला की सूर्यकांतने मान खाली घातली. उत्तराची वाट न पाहता तिने दांडी वर ढकलली, पार टोकापर्यंत, आणि पोरीने मघाशी लावून ठेवलेल्या फाइलमधून मैमुनाबी अख्ख्या हॉलवर कोसळली:

"…नि तुझ्या अम्मीला कोलंबी करायला देऊ नुको! चिवट करते. चुलीवर ठेवली की इसरते!"

"मी विसरते?" खतीजा स्पीकरवर ओरडली. "आणि आमच्याच साखरपुड्याला करपवली कोणी? सगळा गाव खोकत होता!"

"कोलंबीला फक्त दोन उकळ्या," मैमुनाबी शांतपणे म्हणाली.

"दोन उकळ्यांत कच्ची राहते, मां! म्हणून तर तुमच्या पोराचं पोट कायम बिघडलेलं!"

"माझ्या पोराचं पोट बघ, कसं गुटगुटीत ठेवलं व्हतं मी."

मुनीरने शर्ट खाली ओढला. सुमैय्याच्या तोंडातून एकदम हसू फुटलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला, रागावलेली होती ना ती. पण दाबता येईना. तिने खुर्चीवर उभं राहून आवाज दिला, "दादी, आता तू! दादी, बोल!"

"तिला मेली कायम घाई," दादी म्हणाली.

"घाई नसती तर तुमच्या घरात चहा कोणाला वेळेवर मिळाला असता?"

पोरगी खुर्चीवरून घसरून खाली बसली, पोट धरून. सूर्यकांत भिंतीला टेकला होता. आत ओट्यावर कोलंबी तशीच पडली होती आणि खतीजा कमरेला हात लावून एका पांढऱ्या डब्याशी भांडत होती, वर्षानुवर्षांचं सगळं, सांदणांपासून फ्रॉकपर्यंत. "गोणपाट म्हणालात ना? माप कुणी चुकीचं दिलं होतं?" डबा काही नमेना. कॅसेटची बाजू संपली तेव्हा खतीजाला दम लागला होता.

"अम्मी," सुमैय्या डोळे पुसत म्हणाली, "उद्या परत भांडशील?"

"उद्या मला कामं आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने दुपारीच स्वयंपाक उरकला. ओट्यापाशी उभी राहून पुटपुटत होती, एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून पाहत होती. संध्याकाळी पोरगी खुर्चीवर, ती शेजारी शिलाईच्या स्टुलावर. अजान झाली, दांडी खाली गेली, नमाज झाली, दांडी वर आली, आणि जुंपली. खतीजाने फार तयारी केली होती. पण मैमुनाबीचं सगळं पाठ होतं. तिची वाक्यं अचूक जागी पडायची, आणि प्रत्येक वेळी पोरगी दादीच्याच वाक्याला जास्त हसायची.

"अम्मी, तू हरलीस गो," सुमैय्या म्हणाली.

"उद्या बघते तिला," खतीजा म्हणाली.